गोव्यातील मोटारीचा इंधनखर्च

गोवा राज्यात खाजगी वा भाड्याची मोटार चालवताना इंधन, त्यावरील कर आणि देखभाल यांवर होणारा खर्च, तसेच तो कमी करण्यासाठी पुढे आलेली पर्यायी इंधने, हा या नोंदीचा विषय आहे. ३,७०२ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १४.५८ लाख लोकवस्तीच्या या राज्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या तोडीची आहे. गावे विखुरलेली, वाडे (वस्त्या) हमरस्त्यापासून आत आणि बसगाड्या तिन्हीसांजेनंतर विरळ होत जाणाऱ्या, अशा परिस्थितीत गाडी ही येथे हौसेपेक्षा गरजेची वस्तू ठरते.

गोव्यात तेलविहिरी नाहीत आणि तेलशुद्धीकरण कारखानाही नाही. मुरगाव बंदर आणि जवळच्या झुआरीनगर येथील साठवण टाक्या हा इंधनपुरवठ्याचा प्रमुख आधार असून तेथून टँकरने ते पंपांवर जाते. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये व डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, तर १६ जून २०१७ पासून ते देशभर रोज ठरू लागले. ही दोन्ही इंधने वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर ठेवलेली असल्याने केंद्राच्या उत्पादन शुल्कावर राज्याचा मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, चढतो. आणि गोव्यातील दराची खरी कथा या व्हॅटमध्ये आहे.

२०१२ मध्ये सत्तेवर येताच मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी पेट्रोलवरील व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला आणि पेट्रोल एका रात्रीत लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या बाजूची मंडळी गोव्यात आली की टाकी फुल करूनच परतू लागली. ही सवय आजही मोडलेली नाही, कारण महाराष्ट्रातील दर चढेच राहिले आहेत. मात्र त्याच वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आधी राज्य सरकारच्या व नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लोहखनिजाचे उत्खनन थांबले, तिजोरीतील एक मोठा ओघ आटला आणि पुढील वर्षांत पेट्रोलवरील कर टप्प्याटप्प्याने परत आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पेट्रोलवरील शुल्क ५ रुपयांनी व डिझेलवरील १० रुपयांनी घटवले, तेव्हा राज्याने दोन्हींवर आणखी ७ रुपये उतरवले. विधानसभेची निवडणूक फेब्रुवारी २०२२ मध्ये होती, हे येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये. जून २०२४ मध्ये, लोकसभेचे निकाल लागून महिनाही उलटला नव्हता तोच, व्हॅट वाढून पेट्रोल सुमारे एका रुपयाने महागले. गोव्यातील पंपावरचा आकडा आखाती बाजारापेक्षा पणजीच्या हिशेबवहीवर अधिक हलतो, असे म्हणण्यास यावरून आधार मिळतो.

तरीही स्वस्त पेट्रोल म्हणजे स्वस्त मोटार नव्हे. पणजी ते मडगाव हे अंतर सुमारे ३३ किमी. आहे. रोज जाऊन-येऊन ६६ किमी. धावणारी आणि लिटरमागे १५ किमी. देणारी गाडी साडेचार लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. लिटरला ९६ रुपये धरल्यास हा खर्च दिवसाला ४२० रुपयांच्या घरात जातो. डिसेंबर २०२२ मध्ये या मार्गावरील नवा झुआरी पूल खुला होईपर्यंत पुलाजवळच्या कुठ्ठाळीच्या रांगेत उभ्या उभ्या जळणारे इंधन या हिशेबात वेगळे धरावे लागे. उलट, गावातल्या गावात बाजारापर्यंत होणाऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही आणि लिटरमागची सरासरी घसरते. त्यात खारा वारा, चार महिन्यांचा धुवाधार पाऊस आणि तांबडी माती यांमुळे गाडीचा पत्रा खालून गंजतो. किनारपट्टीवरील जुन्या गाडीचा मालक पंपवाल्याइतकाच पत्रेकाम करणाऱ्या कारागिराचाही ऋणी असतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाचा परिणाम येथे विशेष जाणवण्यासारखा आहे. देशात १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला आणि आता २० टक्के मिश्रण सर्रास मिळते. इथेनॉलमध्ये समान आकारमानाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने सरासरी थोडी घटते. दर मात्र त्या प्रमाणात घटलेला नाही. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा खलाशी, सहा-आठ महिने बोटीवर आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली, हे गोव्यातील नेहमीचे चित्र असल्याने अशा गाडीच्या टाकीत पाणी उतरण्याचा धोका अधिक. धारबांदोडा येथील संजीवनी सहकारी साखर कारखान्याचे गाळप बंद पडल्यानंतर तेथे इथेनॉल प्रकल्पाचा विचार पुढे आला.

दाभोळ–बंगळूरू वायुवाहिनीमुळे गोव्यात नैसर्गिक वायू पोचला आणि सीएनजी पंप सुरू झाले. एक किलो सीएनजीवर गाडी एक लिटर पेट्रोलपेक्षा बरीच अधिक धावते. परंतु टाकी डिकीची जागा खाते, आणि पर्यटकांच्या बॅगा वाहणाऱ्या टॅक्सीला ती जागा गमावणे परवडत नाही.

विजेच्या वाहनांसाठी राज्याने २०२१ मध्ये धोरण जाहीर करून अनुदान व रस्ता करातील सवलत देऊ केली. जुलै २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या जी-२० बैठकीच्या वेळी मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जानेवारी २०२४ पासून नव्याने दाखल होणारी पर्यटक वाहने विजेवर चालणारीच असावीत, अशी घोषणा केली. कदंब या राज्याच्या परिवहन महामंडळाच्या ताफ्यातही विजेच्या बसगाड्या आल्या आहेत. वर उल्लेखिलेल्या ६६ किमी.च्या फेरीला लहान विद्युत मोटारीस सुमारे १० युनिट वीज पुरते. युनिटला ५ रुपये धरले तर हा खर्च ५० रुपये होतो. राज्याची लांबी-रुंदी पाहता एका भारणीत (चार्जमध्ये) येणे-जाणे सहज आटोपते, त्यामुळे विजेची मोटार गोव्याइतकी सोयीची भारतात फार थोड्या ठिकाणी असेल. अंगण आणि पडवी असलेल्या घरात ती रात्री लावून ठेवता येते. मडगाव-वास्कोतील जुन्या इमारतींत, जेथे गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, तेथे वायर खाली कशी न्यायची हा प्रश्न उरतो. शिवाय गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती नगण्य आहे. कोरबा, विंध्याचल यांसारख्या दूरच्या औष्णिक केंद्रांतून वीज येते, म्हणजे पणजीतील मोटार धूर सोडत नसली तरी तिच्यासाठी छत्तीसगड, मध्य प्रदेशात कोळसा जळतो.