दुर्बिणीद्वारे फायब्रॉइड काढल्यानंतरची गर्भधारणा

गर्भाशयाच्या स्नायूंतून वाढणाऱ्या, कर्करोगाच्या नसलेल्या गाठींना फायब्रॉइड म्हणतात. गर्भाशय शाबूत ठेवून केवळ या गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेला मायोमेक्टॉमी हे नाव आहे. ती पोटावाटे दुर्बिणीतून केली की पोटावर अर्धा-एक सेंटिमीटरच्या तीन-चार खुणाच उरतात आणि रुग्ण लवकर घरी जाते. परंतु पुढील गर्भधारणेच्या दृष्टीने त्वचेवरच्या छेदाला फारसे महत्त्व नसून गर्भाशयाच्या भिंतीत झालेली जखम किती खोल होती आणि ती कशी शिवली गेली, यावर बरेच काही अवलंबून असते.

दुर्बिणीचे मार्ग दोन आहेत. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी गाठ योनिमार्गातून हिस्टेरोस्कोप (गर्भाशयाच्या आत पाहण्याची बारीक दुर्बीण) घालून तासून काढतात; ही पद्धत रॉबर्ट न्यूविर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७६ मध्ये वर्णिली. भिंतीतील किंवा बाहेरच्या अंगाची गाठ लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटावरच्या छोट्या छेदांतून दुर्बीण घालून, काढतात. या क्षेत्रात जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम यांचे काम पायाभूत मानले जाते. रोबोटच्या साहाय्याने केलेली शस्त्रक्रिया हा याच दुसऱ्या मार्गाचा प्रकार होय.

गर्भ राहण्यावर होणारा परिणाम गाठीच्या जागेनुसार बदलतो. पोकळीत शिरलेली गाठ गर्भ रुजण्यात अडथळा आणते आणि ती काढल्याने शक्यता सुधारते, असे सामान्यतः मानले जाते. बाहेरच्या बाजूच्या गाठीचा वंध्यत्वाशी फारसा संबंध नसतो, त्यामुळे केवळ गर्भ राहावा म्हणून ती काढण्यात अर्थ नाही. भिंतीतल्या, पण पोकळीला धक्का न लावणाऱ्या गाठींबाबत मात्र तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत.

सर्वांत गंभीर धोका म्हणजे गर्भाशय फाटणे. हा धोका साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असला, तरी प्रसंग ओढवल्यास आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. शिवाय तो कळा सुरू होण्यापूर्वी, सातव्या-आठव्या महिन्यातही येऊ शकतो. गाठ निघाल्यावर भिंतीत खळगा पडतो. त्याच्या तळातून होणारा रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेने वारंवार डागल्यास तेथील स्नायू मरतो आणि खोल खळगा एकाच थरात ओढून शिवल्यास आत रक्त साठण्यास जागा राहते, म्हणून तळापासून वर दोन-तीन थरांत टाके घालण्यावर भर दिला जातो. लांब दांड्याच्या उपकरणांनी पोटाच्या आत वक्र सुई फिरवून असे टाके घालणे हेच लॅप्रोस्कोपीतील खरे कसब आहे. हिस्टेरोस्कोपीनंतर हा धोका अत्यल्प असतो. तेथे चिंता असते ती पोकळीच्या समोरासमोरील भिंती चिकटण्याची, विशेषतः दोन्ही बाजूंच्या गाठी एकाच वेळी काढल्या असल्यास.

स्नायूची जखम भरण्यास सुमारे तीन महिने लागत असल्याने लॅप्रोस्कोपीनंतर बहुतेक डॉक्टर तीन ते सहा महिने गर्भधारणा टाळण्यास सांगतात. वय पस्तिशीपुढे गेलेले असल्यास ही प्रतीक्षा उगाच लांबवणेही परवडत नाही.

प्रसूती कशी व्हावी, हे ठरवण्यासाठी शस्त्रक्रियेची लेखी नोंद लागते : गाठी किती, कोठे व केवढ्या होत्या, पोकळी उघडली गेली का, टाके किती थरांत घातले. सोनोग्राफीत दिसणाऱ्या भिंतीच्या जाडीवरून ती फाटेल की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. पोकळी उघडली गेली असल्यास किंवा छेद खोल असल्यास कळा येण्यापूर्वी, बहुधा ३७ ते ३८ आठवड्यांच्या सुमारास, सिझेरियन करतात. इतर स्त्रियांत बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवून आणि तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय हाताशी ठेवून नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो. गर्भारपणात पोटात अचानक तीव्र वेदना, अंगावरून रक्त जाणे, भोवळ किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे आणि पूर्वीची शस्त्रक्रिया तेथील डॉक्टरांना प्रथम सांगावी, कारण सुरुवातीची वेदना अपचनाची समजली जाण्याचा संभव असतो.