अंतराचा आकडा एक, वेळेचे अनेक

दोन विमानतळांमधले अंतर काढायची रीत विमानांच्या कितीतरी आधीची, दर्यावर्दींची आहे. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे महावृत्ताचा, म्हणजे गोलाच्या केंद्राभोवतीच्या मोठ्यात मोठ्या वर्तुळाचा, तुकडा. मर्केटरच्या 1569 सालच्या नकाशावर ती बहुधा वाकडी दिसते, कारण तो नकाशा दिशा सांभाळतो, अंतर नव्हे. जहाजांवर हे गणित 'हॅवरसाइन' या त्रिकोणमितीतल्या राशीच्या कोष्टकांवरून होई. आजही अनेक ऑनलाइन गणक तेच सूत्र वापरतात, पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर धरून. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याने त्यात थोडी चूक राहते, पण प्रवाशाला तिचे सोयरसुतक नाही. वैमानिकांचा नॉटिकल मैलही समुद्रावरचाच. 1929 साली तो 1852 मीटर ठरला.

1927 साली न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने निघालेल्या अमेरिकी वैमानिक लिंडबर्गने ही महावृत्ताची वाट नकाशावर शंभर-शंभर मैलांच्या तुकड्यांत पाडून घेतली होती. दर तुकड्याला दिशा थोडी बदलायची. त्याला साडेतेहेतीस तास लागले.

अंतराचा प्रश्न असा जुनाच सुटलेला. वेळेचा मात्र वाऱ्याने घोळ घातला. उंचावरून वाहणारे जोरदार पश्चिमी वारे जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात फुग्यांच्या साहाय्याने मोजले. निष्कर्ष त्यांनी छापले ते एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी घडवलेल्या कृत्रिम भाषेत! जगभर पोचावेत हा हेतू, आणि वाचले जवळजवळ कुणीच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जपानवर आलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना त्याच वाऱ्यांनी हैराण केले. प्रवासी विमानाने त्यांचा फायदा उठवला तो 1952 साली: पॅन अॅम या अमेरिकी कंपनीचे टोकियो–होनोलुलू उड्डाण अठरा तासांवरून साडेअकरा तासांवर आले. पुढे फेब्रुवारी 2020मध्ये, वादळी वाऱ्यावर स्वार होऊन, न्यूयॉर्कहून निघालेले एक जंबो 4 तास 56 मिनिटांत लंडनला उतरले. एरवी याला सहा तासांहून जास्त लागतात, आणि उलट येताना त्याहूनही जास्त.

इंजिनांचे म्हणाल तर 1958च्या बोइंग 707नंतर, आवाजाहून वेगवान कॉन्कॉर्ड सोडल्यास, वेग जवळपास तिथेच आहे.

वाऱ्याइतकाच हट्टी दुसरा घटक म्हणजे सरहद्दी. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद असल्याने युरोपहून टोकियोला जाणारी बरीच विमाने अलास्कातल्या अँकरेजला थांबून जात. ते आकाश खुले झाले, वेळ घटला. 2022मध्ये युरोपीय कंपन्यांसाठी रशियाचे आकाश पुन्हा मिटले आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेला. दोन्ही विमानतळ जागच्या जागीच होते.

वेळापत्रकातला वेळ तर उड्डाणाचा नसतोच. विमान फाटकावरून हलल्यापासून दुसऱ्या फाटकाशी थांबेपर्यंतचा तो 'ब्लॉक टाइम'. धावपट्टीपर्यंतचे रेंगाळणे आणि उतरण्यापूर्वीच्या घिरट्या त्यात धरलेल्या असतात, शिवाय उशीर झाकायला थोडी भरही घातलेली. म्हणून कधी विमान उशिरा सुटूनही वेळेआधी पोचते.