कंडेम्नेशनचा दावा

अमेरिकेत रस्ता, धरण, पोस्ट ऑफिस, पाइपलाइन अशा सार्वजनिक कामासाठी सरकारला कोणाची जमीन हवी असते आणि मालक विकायला तयार नसतो किंवा भाव जुळत नाही, तेव्हा सरकार स्वतः कोर्टात जाऊन जो दिवाणी दावा लावतं तो कंडेम्नेशनचा दावा. ज्या अधिकारावर तो उभा असतो त्याला एमिनंट डोमेन म्हणतात. दावा ज्या कागदाने सुरू होतो त्याला तिकडे 'कंप्लेंट' म्हणतात, पण ती तक्रार किंवा फिर्याद नव्हे, आपल्या दिवाणी कोर्टातलं वादपत्र, त्यामुळे मालकाने काही गुन्हा केलाय असं त्यात काहीच नसतं. मोडकळीला आलेली इमारत राहायला अयोग्य ठरवतात त्यालाही तिकडे कंडेम्न हाच शब्द आहे, तो अर्थ इथे घ्यायचा नाही.

'एमिनंट डोमेन'चं मूळ साधारणपणे डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशिअसच्या 1625 सालच्या लॅटिन लिखाणातल्या 'डोमिनियम एमिनेन्स' या शब्दांत धरतात. शब्द त्याचा, पण अधिकार किती जुना यावर एकमत नाही. काही जण रोमन रस्ते आणि जलवाहिन्यांपर्यंत मागे जातात पण तिथला पुरावा तुटपुंजा आहे, काही 1215 च्या मॅग्ना कार्टाकडे (इंग्लंडच्या राजाची हक्कांची सनद) बोट दाखवतात. खरा वाद आहे तो अधिकाराच्या पायाबद्दल. एक मत असं की सगळ्या जमिनीचा अंतिम मालक राजाच, म्हणून तो ती परत घेऊ शकतो. दुसरं असं की मालकीशी याचा संबंध नाही, राज्य चालवायचं तर हा अधिकार असावाच लागतो. अमेरिकन सुप्रीम कोर्टाने 1876 च्या कोल खटल्यात (सिनसिनाटीत पोस्ट ऑफिस वगैरे बांधायला जागा हवी होती) दुसऱ्या मताला उचलून धरलं आणि केंद्र सरकार स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कोर्टात असा दावा लावू शकतं हे पक्कं झालं. त्याआधी केंद्रासाठी जमीन घ्यायची तर बहुतेक वेळा राज्यांमार्फतच घेत. ती नुसती सोय होती की केंद्राला हा अधिकार आहे असं तेव्हा समजतच नव्हते, यावर अलीकडे परत चर्चा सुरू झालीये, आणि 1791 ची पाचवी घटनादुरुस्ती 'योग्य भरपाईशिवाय खाजगी मालमत्ता घ्यायची नाही' एवढंच म्हणते, अधिकार देत नाही, मर्यादा घालते, हे लक्षात घेतलं तर केंद्राला हा अधिकार नाही असंच तेव्हा समजत होते, ही शक्यता सहज झटकून टाकता येत नाही.

केंद्रीय कोर्टात आज दिवाणी कार्यपद्धतीचा नियम 71.1 लागतो (1951 मध्ये तो 71ए होता, 2007 पासून नवा नंबर, 1951 च्या आधी 1888 च्या कायद्याने त्या त्या राज्याची पद्धत पाळायचे, त्यामुळे सगळीकडे वेगळं चालायचं). वादपत्रात थोडक्यात पाच गोष्टी लागतात: कुठल्या कायद्याने घेतोय, कशासाठी, जमीन ओळखू येईल असं वर्णन, नक्की कुठला हक्क हवाय, आणि प्रत्येक तुकड्यामागे कोण हक्कदार. हक्काचा मुद्दा लोक सर्रास नजरेआड करतात. पूर्ण मालकी घेणं वेगळं आणि फक्त वरून विजेच्या तारा न्यायचा हक्क घेणं वेगळं, भरपाई त्यावरच ठरते.

आणि प्रतिवादी म्हणून पहिलं नाव माणसाचं नाही, जमिनीचं! म्हणून खटल्याचं नाव 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध 564.54 एकर जमीन' असं येतं. हा खटला डेलावेअर नदीकाठच्या एका लुथरन चर्च संस्थेच्या तीन उन्हाळी शिबिरांच्या जागेचा. सरकारने 1970 मध्ये कारवाई सुरू केली, 4,85,400 डॉलर देऊ केले, चर्च म्हणालं तशीच शिबिरं दुसरीकडे उभारायला सुमारे 58 लाख लागतील, आणि 1979 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाजारभावच मिळेल. जिथे वर्षानुवर्षं मुलं येऊन राहिली त्या जागेची किंमत अशी मोजली जाते, हे वाचताना वाईट वाटतंच.

दाव्यासोबत समन्स नसतं, नोटीस असते. ती हातात पडल्यापासून 21 दिवसांत उत्तर द्यायचं. नाही दिलं तर जमीन घ्यायला संमती धरतात, आणि उत्तरात न घेतलेला आक्षेप कायमचा गेला. रकमेबद्दल पुरावा मात्र उत्तर न देताही मांडता येतो. तिकडे घर घेतलेल्या आपल्या मराठी माणसांनी हे 21 दिवस पक्के लक्षात ठेवावेत.

1931 च्या कायद्याने सरकार दाव्याबरोबर किंवा नंतर 'डिक्लरेशन ऑफ टेकिंग' (जमीन घेत असल्याची घोषणा) दाखल करून अंदाजे रक्कम कोर्टात भरू शकतं आणि त्याच क्षणी मालकी सरकारकडे जाते, भांडण उरतं ते पैशाचं.

आपल्याकडे उलटं आहे. 1894 चा कायदा असो की 1 जानेवारी 2014 पासूनचा नवा, भूसंपादन सुरू होतं सरकारी अधिसूचनेने, आणि रक्कम पटली नाही तर अर्ज करायचा शेतकऱ्याने. कोर्टाची पायरी आधी कोणी चढायची यातच मोठा फरक पडतो.

राज्यांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. कॅलिफोर्नियात आधी 'गरजेचा ठराव' दोन तृतीयांश मतांनी करावा लागतो आणि वादपत्राला नकाशा जोडतात. टेक्सासमध्ये भरपाई आधी कोर्टाने नेमलेले तीन स्पेशल कमिशनर ठरवतात. लुइझियानात शब्दच 'एक्स्प्रोप्रिएशन'. 2005 च्या केलो खटल्यात आर्थिक विकासासाठी खाजगी घरं घेणं सुप्रीम कोर्टाने (5 विरुद्ध 4) वैध ठरवलं, त्यानंतर 40 हून जास्त राज्यांनी आपले कायदे कमी-जास्त बदलले.