चाळा, नाद की व्यसन?

फोन नाहीतर गेम हातातून सुटत नाही, या प्रकाराला मराठीत तीन शब्द आहेत आणि आपण तिन्ही कसेही वापरतो. हात रिकामा राहिला की फोन काढायचा, काही बघायचं नसतं तरी उघडायचा आणि परत खिशात टाकायचा, हा झाला चाळा. गाण्याचा असतो, पतंगाचा असतो तसा गेमचाही नाद असू शकतो, आणि नादी माणूस काही आजारी नसतो. व्यसन ही त्यापलीकडची गोष्ट. पण घरात भांडण पेटलं की कोण एवढा विचार करतंय, "व्यसन लागलंय तुला त्या फोनचं" म्हणून मोकळे होतो (म्हणणाऱ्याच्या हातातही फोनच असतो, तो भाग वेगळा).

गंमत म्हणजे "इंटरनेटचं व्यसन" हा आजार सुरुवातीला चक्क चेष्टेत जन्माला आला. 1995 मध्ये आयव्हन गोल्डबर्ग या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्याच क्षेत्रातल्या निदानाच्या जाडजूड ग्रंथाची टिंगल करायची म्हणून या नावाचा एक आजार रचला, त्याच्या लक्षणांत बोटं आपोआप टायपिंग केल्यासारखी हलणं असलं पण काय काय टाकलं, आणि झालं उलटंच, लोक हसायचं सोडून मलाही हे झालंय म्हणून सांगायला लागले! त्याच सुमारास किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मात्र हे गंभीरपणे घेतलं आणि 20 प्रश्नांची एक चाचणी बनवली, ती आजही वापरली जाते.

आता अधिकृत काय आहे ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या 11व्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, 2019 मध्ये यादी मंजूर झाली आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. स्मार्टफोनचं व्यसन, सोशल मीडियाचं व्यसन या नावाचे आजार त्यात नाहीत. अमेरिकन मानसोपचारवाल्यांनी तर 2013 मध्ये गेमिंगलासुद्धा "अजून अभ्यास हवा" या कप्प्यातच ठेवलं.

आरोग्य संघटनेच्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटलेला असणं, बाकी सगळ्या कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा गेम वरचढ होत जाणं, आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही खेळत राहणं किंवा अजूनच जास्त खेळणं. हे साधारण 12 महिने चाललेलं पाहिजे आणि अभ्यास, नोकरी, घर, नाती यांचं खरोखर वाटोळं होत असलं पाहिजे. या तिन्हींत तास कुठेच नाहीत बघा. आपण मात्र भांडतो फक्त तासांवरून. दिवसाला पाच तास खेळून झोप, मित्र, परीक्षा सगळं सांभाळणारा पोरगा यात बसत नाही आणि दोनच तास खेळणारा, पण त्या दोन तासांसाठी खोटं बोलणारा, पैसे उचलणारा, आतून कुढणारा पोरगा कदाचित बसेल.

असे खरे किती? 2017 मध्ये अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जर्मनीतल्या लोकांना विचारून, अमेरिकन निकष लावून अंदाज काढला, तर एकूण लोकसंख्येच्या 0.3 ते 1 टक्का. गेम खेळणाऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांत एकही लक्षण सापडलं नाही. आकडा लहान वाटतो पण एकूण लोकसंख्या केवढी आहे ते बघितलं तर एक टक्का म्हणजे पण केवढी तरी माणसं झाली.

मग बाकीच्यांचा चाळा तरी का सुटत नाही? इथे सगळे डोपामिनवर येतात, आणि बहुतेक वेळा चुकीचं सांगतात, की डोपामिन म्हणजे मेंदूतलं मजेचं रसायन. वुल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूच्या अभ्यासकांनी माकडांवर जे प्रयोग केले त्यातून वेगळंच दिसलं. माकडाला अचानक ज्यूस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळायच्या, पण दिवा लागला की ज्यूस मिळतो हे त्याला एकदा कळल्यावर त्या पेशी ज्यूसला नाही, दिव्याला उसळायला लागल्या. दिवा लागूनही ज्यूस नाही आला की थंड पडायच्या. म्हणजे हे रसायन मजा मोजत नाही, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यातला फरक मोजतं. तुमच्या फोनवरचा तो लाल ठिपका म्हणजे हा दिवा समजा, आत काय निघेल ते नंतर.

त्यात स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा जुना धडा जोडा. कबुतराने बटणावर ठरावीक वेळा टोच मारली की दाणा दिला तर ते दाणा खाऊन जरा थांबतं, पण दाणा कधी तीन टोचींनी, कधी तीसने, काही नेम नाही असं केलं की ते टोचतच बसतं आणि दाणे बंद केले तरी लवकर थांबत नाही. जुगाराचं यंत्र यावरच चालतं. रील वर सरकवताना पुढची भंगार निघेल की भारी हे माहीत नसतं, म्हणून तर बोट थांबत नाही. गेममधल्या लूट बॉक्सचं तेच, पैसे भरा आणि पेटीत काय निघतं ते नशिबावर. बेल्जियमने 2018 मध्ये पैसे मोजून घ्यायच्या अशा पेट्या सरळ जुगारात धरल्या. आणि पान संपतच नाही, खाली खाली येतच राहतं, ती युक्ती एझा रास्किन यांनी 2006 मध्ये काढली, पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. पान संपलं की माणूस क्षणभर थांबून विचार करतो, तो क्षणच काढून टाकला.

आता खरा गुंता. नैराश्य, चिंता, एकटेपणा, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) आणि असा बेसुमार वापर हे सोबत सापडतात, हे अभ्यासांमागून अभ्यासांत दिसतं. पण आधी कोण? फोनमुळे पोरगी उदास झाली की उदास होती म्हणून फोनमध्ये तोंड खुपसून बसली? एका वेळी एकदा फॉर्म भरून घेतलेल्या सर्व्हेतून हे कळूच शकत नाही आणि बातम्या बहुतेक अशाच सर्व्हेंवर चालतात. शिवाय लोकांना आपण फोन किती वापरतो हे धड सांगता येत नाही, सांगितलेला वेळ आणि फोनने मोजलेला वेळ यांचा मेळ जेमतेमच बसतो.

एमी ऑर्बेन आणि प्रझिबिल्स्की यांनी 2019 मध्ये साडेतीन लाखांवर मुलामुलींची माहिती चाळली, तेव्हा मुलांच्या मनाच्या बरेवाईटपणात जो फरक असतो त्यातला फार तर 0.4 टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता आला. यावरून काही जण म्हणतात बघा, सगळा बाऊ आहे. मला तसं वाटत नाही, कारण सरासरीत ते टोकाचे एक टक्का बुडून जातात, आणि दोन तास आजीशी व्हिडिओ कॉल आणि दोन तास अनोळखी लोकांच्या शिव्या वाचणं हे त्या हिशेबात एकच धरलं जातं. सिंगापूरमध्ये तीन हजारांवर मुलांना दोन वर्षं सलग पाहिलं गेलं, तिथे दोन्ही बाजू निघाल्या. उतावळ्या, चारचौघांत मिसळायला जड जाणाऱ्या मुलांना गेमिंगचा त्रास जडायची शक्यता जास्त, आणि एकदा जडला की त्यांच्यात नैराश्य, चिंता वाढलेली आणि मार्क घसरलेले. म्हणजे चक्रच, कुठूनही आत शिरा.

प्रयोग करून बघितलं तर? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 143 विद्यार्थ्यांपैकी काहींना तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी रोज 10 मिनिटंच वापरायला सांगितलं, आणि त्यांचा एकटेपणा कमी झाला, नैराश्याची लक्षणं पण उतरली. पूर्ण बंद नव्हतं हां, नुसता आवर.

झोपेचं मात्र एवढं कोड्यात नाही. निळ्या प्रकाशाला जरा जास्तच बदनाम केलंय, 2015 साली छापून आलेल्या एका प्रयोगात झोपण्याआधी चार तास चकचकीत स्क्रीनवर पुस्तक वाचणाऱ्यांना कागदावर वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला साधारण 10 मिनिटंच जास्त लागली. फक्त 12 माणसं होती त्यात, पण मुद्दा असा की प्रकाशाने दहा मिनिटं गेली, आपले दोन तास जातात ते "अजून एकच मॅच" मध्ये. आणि कमी झोप झाली की दुसऱ्या दिवशी मन आवरायची ताकदच कमी, मग परत फोन.

सरकारांनी घड्याळ लावून बघितलं. दक्षिण कोरियाने 2011 पासून 16 वर्षांखालच्यांना मध्यरात्री ते सकाळी 6 ऑनलाइन गेम बंद केले, दहा वर्षांनी तो कायदा गुंडाळला. चीनमध्ये 2021 पासून 18 खालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री 8 ते 9 एवढीच मुभा. परत तासच.

उपचारात जे सगळ्यात जास्त तपासलं गेलंय ते विचार आणि वागणूक यांवर काम करणारं समुपदेशन, ज्याला सीबीटी म्हणतात. दारू कायमची सोडता येते, इंटरनेट सोडून आज बँकेचं कामसुद्धा होत नाही, म्हणून तिथे "फोन फेकून दे" असं सहसा कोणी सांगत नाही. बऱ्याचदा आधी एक वही देतात. फोन किंवा गेम हातात घेतला की वेळ लिहायची आणि शेजारी त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय झालं होतं ते लिहायचं, कोणाशी बोलणं झालं, काय टाळायचं होतं, नुसता कंटाळा होता का पोटात गोळा आला होता. आठवडाभराने वही उघडून दोघं मिळून बसतात, आणि मग बोलणं सुरू होतं ते शेजारच्या रकान्यावर.