आधी फाशी, मग अपील: अमेरिकी फेडरल न्यायालयांची पार्श्वभूमी

१७८९ साली अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्राची, न्यायालयं उभी राहिली, तेव्हा २,००० डॉलरहून मोठ्या दिवाणी दाव्याला सर्वोच्च न्यायालयाचं दार उघडं होतं, फाशीच्या कैद्याला मात्र नव्हतं. १८०२ नंतर फरक पडला तो एवढाच, की मोठे फेडरल खटले चालवणाऱ्या सर्किट कोर्टात बसलेल्या दोन न्यायाधीशांचं कायद्याच्या एखाद्या मुद्द्यावर जुळलं नाही, तर तेवढा मुद्दा वर पाठवता येई. दोघांचं एकमत झालं की आरोपीचा मार्ग बंद.

याचं टोक दिसलं ते आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथला. आयझॅक पार्कर १८७५ मध्ये तिथं न्यायाधीश झाले. शेजारच्या इंडियन टेरिटरीतले (मूळनिवासी जमातींसाठी राखलेल्या प्रदेशातले) खटलेही त्यांच्याकडेच येत. २१ वर्षांत त्यांनी १६० जणांना फाशी सुनावली, त्यातले ७९ जण फासावर गेले. सुरुवातीची कित्येक वर्षं आशा होती ती फक्त राष्ट्राध्यक्षांच्या दयेची. १८८९ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, देहदंडाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयात जायची मुभा दिली आणि पार्करांचे निकाल एकामागून एक फिरू लागले. ज्यूरीपुढं ते करत त्या लांबलचक, आरोपीवर तुटून पडणाऱ्या निवेदनांवर वारंवार बोट ठेवलं गेलं. हेन्री स्टार या दरोडेखोराची फाशी तर दोनदा रद्द झाली, १८९४ आणि १८९७ मध्ये. पार्करांना रक्तपिपासू ठरवणं सोपं आहे. पण वर विचारणारं कुणी नसताना कोण बदललं असतं?

१८९१ च्या कायद्यानं नऊ सर्किट अपील न्यायालयं आली. फौजदारी अपिलं टप्प्याटप्प्यानं त्यांच्याकडे गेली, देहदंडाची सर्वात शेवटी. पण १८९४ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की अपील हा काही राज्यघटनेनं दिलेला हक्क नव्हे. आजही तो कायद्याच्याच आधारावर उभा आहे. शिक्षा जास्त झाली, एवढ्याच तक्रारीवर सर्रास अपील करता येऊ लागलं ते १९८४ च्या कायद्यामुळे.

आज आरोपीला अपिलाची नोटीस द्यायला १४ दिवस मिळतात, सरकारला, जिथं अपील करता येतं तिथं, ३०. तीन न्यायाधीश खालच्या कोर्टाचे कागद वाचतात. साक्षीदार पुन्हा येत नाहीत. बहुसंख्य खटले मात्र गुन्हा कबूल करूनच मिटतात आणि त्या करारात अपिलाचा हक्क सोडल्याचं कलम अनेकदा असतं. असा कागद असला तरी अशिलानं अपील करायला सांगितल्यावर वकिलाला गप्प बसता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये गार्झा खटल्यात बजावलं.