व्हिसावर इंग्लंडमध्ये असताना आयव्हीएफ: हक्क कुठवर, कागद कोणते

व्हिसाच्या अर्जासोबत माझा आणि नवऱ्याचा हेल्थ सरचार्ज (व्हिसावाल्यांनी सरकारी आरोग्यसेवेसाठी आगाऊ भरायचा आकार) भरला होता, पगारातून दर महिन्याला नॅशनल इन्शुरन्स कापला जात होता. त्यामुळे आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचारही एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत मोफतच होणार, असं आम्ही धरून चाललो होतो. जीपीने (एनएचएसच्या फॅमिली डॉक्टरने) रुग्णालयासाठी रेफरल दिलं, आम्ही आठ महिने थांबलो, आणि रुग्णालयातल्या पहिल्याच भेटीत प्रश्न आला, "तुमच्याकडे आयएलआर आहे का?" आयएलआर म्हणजे यूकेत कायम राहण्याचा परवाना. तो नव्हता. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. ते आठ महिने मला अजून सलतात. दुसऱ्या कुणाचे तसे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

नियम असा आहे. 21 ऑगस्ट 2017 पासून इंग्लंडमध्ये सरचार्जच्या बदल्यात मिळणाऱ्या सेवांतून गर्भधारणेसाठीचे सहाय्यक उपचार वगळले आहेत. आयव्हीएफ, इक्सी (बीजांडात थेट शुक्राणू टोचणं), आययूआय (गर्भाशयात वीर्य सोडणं) हे सगळं त्यात आलं. 6 फेब्रुवारी 2024 पासून, विद्यार्थी सोडून, प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला 1,035 पौंड सरचार्ज आहे. त्यात जीपी, रुग्णालय, गरोदरपण आणि बाळंतपण येतं, पण गर्भ राहावा म्हणून करायचे उपचार येत नाहीत. स्किल्ड वर्कर, डिपेंडंट आणि विद्यार्थी व्हिसावर असलेले आपले बहुतेक लोक या नियमात सापडतात. आयएलआर, ब्रिटिश किंवा आयरिश नागरिकत्व असेल तर ही अट आड येत नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनसारख्या ठिकाणी स्थायिक झालेल्या गोवेकरांकडे ईयू सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना दिलेला कायम राहण्याचा हक्क) असेल तर त्यांनाही हा अडसर नाही. जोडप्यात एकाकडेच आयएलआर असेल, तर दुसऱ्यावर होणाऱ्या उपचारांचं बिल लागू शकतं. रुग्णालयाच्या ओव्हरसीज व्हिजिटर विभागाकडून (कुणाला बिल लावायचं ते हाच विभाग ठरवतो) हे आधी लेखी घ्या, तोंडी "होईल बहुतेक" यावर विसंबू नका. एनएचएसची 500 पौंड किंवा त्याहून जास्त थकबाकी पुढच्या व्हिसा अर्जाला नडू शकते. स्कॉटलंड आणि वेल्सची व्यवस्था वेगळी आहे, तिथे राहत असाल तर तिथल्याच आरोग्य मंडळाला विचारा.

आयएलआर मिळाला म्हणजे आयव्हीएफ मिळालाच, असंही नाही. चाळिशीच्या आतल्या स्त्रीला दोन वर्षं प्रयत्न करूनही दिवस गेले नसतील तर आयव्हीएफच्या तीन पूर्ण सायकल (उपचाराच्या फेऱ्या) द्याव्यात, अशी नाइस या आरोग्य मार्गदर्शक संस्थेची 2013 ची शिफारस आहे. 40 ते 42 या वयात काही अटींवर एकच. पण पैसा स्थानिक आयसीबीच्या (त्या भागाचा एनएचएस निधी सांभाळणाऱ्या मंडळाच्या) हातात असतो आणि कित्येक ठिकाणी एकच सायकल मिळते. बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन), धूम्रपान, दोघांपैकी कुणाला आधीचं मूल आहे का, हेही बघतात. आपल्या आयसीबीचं धोरण नाव टाकून शोधलं की सापडतं, ते स्वतः वाचा.

मग व्हिसावर असताना काय मिळतं? बरंच काही, आणि आम्ही नेमकं तेच उशिरा वापरलं. जीपीकडे नाव नोंदवायला व्हिसाची अट नाही. वर्षभर प्रयत्न करून झालं असेल तर जा. वय 36 किंवा जास्त असेल, पाळी अनियमित असेल तर त्याआधीच जा. एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, थायरॉइड असा मूळ आजार निघाला तर त्याचा उपचार सरचार्जमध्ये बसतो. अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन तपासतात. नवऱ्याची वीर्यतपासणी त्याच सुमारास होऊ दे. सासरी-माहेरी सगळ्यांचं बोट बाईकडेच वळतं, पण कारण पुरुषातही असू शकतं, म्हणून ते दोघांत शोधावं लागतं. तपासणीआधी दोन ते सात दिवस संयम पाळायचा असतो. सगळे रिपोर्ट मागून घेऊन एका फाइलीत ठेवा. खाजगी क्लिनिक असो की पुण्यातला डॉक्टर, पहिल्यांदा तेच मागतात.

खाजगी क्लिनिकमध्ये व्हिसाचा प्रकार आड येत नाही. एका सायकलला साधारण 5,000 पौंड किंवा जास्त, औषधं वेगळी. क्लिनिकला एचएफईए या वंध्यत्व उपचारांवर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश संस्थेचा परवाना हवा. दोघांचे पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, जुने रिपोर्ट, एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी-सी च्या तपासण्या लागतात. लग्नाचा दाखला नुसता मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेवा. संमतिपत्रं दोघांची वेगळी असतात आणि त्यात एकाचा मृत्यू झाला तर भ्रूणांचं काय, असाही प्रश्न येतो. तो क्लिनिकच्या खुर्चीत पहिल्यांदा वाचू नका, घरी बसून बोला. समुपदेशनाची संधी देणं क्लिनिकला बंधनकारक आहे, ती घ्या.

भारतात जाऊन करायचं असेल तर 2021 चा एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा लागू होतो: स्त्रीचं वय 21 ते 50, पुरुषाचं 21 ते 55, आणि जोडप्याला विवाहाचा पुरावा. क्लिनिक नोंदणीकृत आहे का ते बघा. आयएलआरसाठी कुठल्याही बारा महिन्यांत 180 दिवसांपेक्षा जास्त यूकेबाहेर राहिलेलं चालत नाही, म्हणून तारखा लिहून ठेवा. मे 2025 च्या ब्रिटिश सरकारच्या श्वेतपत्रिकेत आयएलआर मिळण्याआधी राहावं लागण्याची मुदत पाचावरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव आला, त्यामुळे "आयएलआर आला की बघू" हा हिशोब वयाशी ताडून पाहा.

आणि एक गोष्ट आधीच ठरवा. भारतात गोठवलेले भ्रूण पुढे इंग्लंडला आणायचे तर एआरटी कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते, ती फक्त स्वतःच्या वापरासाठी मिळते, आणि इथे ते स्वीकारणारं परवानाधारक क्लिनिकही हवं. ते क्लिनिक शोधून, त्यांना कुठले कागद लागतात ते विचारून मगच विमानाचं तिकीट काढा.