ओझर ते दिल्ली: अंतर 990 किलोमीटर, मग दोन तास कशाला?

नाशिकच्या ओझर विमानतळापासून दिल्ली विमानतळ सरळ रेषेत सुमारे 990 किलोमीटर. एअरबस ए320 उंची गाठल्यावर ताशी साधारण 830 किलोमीटरने जातं. भागाकार केला तर 72 मिनिटं येतात. तिकिटावर मात्र दोन तासांच्या आसपास वेळ असते.

आधी अंतर तपासू. ओझर 20.12 अंश उत्तर, 73.91 अंश पूर्व, दिल्ली 28.57 आणि 77.10. अक्षांशांतला फरक 8.45 अंश, दर अंशाला 111 किलोमीटर धरून 938. रेखांशांतला फरक 3.19 अंश, पण रेखांश ध्रुवाकडे एकमेकांच्या जवळ येत जातात, म्हणून मधल्या अक्षांशाच्या कोज्येने (0.91) गुणायचं: 322 किलोमीटर. पायथागोरसने कर्ण 992. एवढ्या पल्ल्याला शाळेतलं गणित पुरतं. लंडनसाठी गोलीय त्रिकोणमितीच हवी.

आता वेळ. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंतची, ब्लॉक टाइम. दिल्लीत उतरल्यावर टर्मिनल गाठायलाच दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. (विमानतळावर येताना नाशिकच्या द्वारका चौकातली कोंडी अर्थातच यात धरलेली नाही.) शिवाय 830चा वेग मधल्या टप्प्यापुरताच. उतरताना दर हजार फुटांना तीन सागरी मैल असा ठोकताळा आहे. म्हणजे 35,000 फुटांवरून 105 सागरी मैल, जवळपास 195 किलोमीटर आधीच खाली यायला लागायचं. दहा हजार फुटांखाली वेगाची मर्यादा सहसा 250 नॉट, ताशी 463 किलोमीटर. म्हणूनच जेमतेम 350 किलोमीटरवरच्या अहमदाबादलाही तासाभराहून जास्त लागतो: चढण संपते न संपते तोच उतरण सुरू.

त्यात मार्ग सरळ नसतो. ठरलेल्या हवाई मार्गांचे टप्पे घ्यावे लागतात. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. दिल्लीत पश्चिमेचा वारा असला की दक्षिणेकडून आलेल्या विमानाला शहराच्या पूर्वेला वळसा घालून धावपट्टी गाठावी लागते. हिवाळ्यात धुक्यामुळे रांग लागली तर घिरट्या; एक घिरटी साधारण चार मिनिटांची.

वाऱ्याचा हिशेब जास्त मजेशीर. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेचा जोरदार जेट प्रवाह असतो. समजा तो ताशी 185 किलोमीटर आहे. आपला मार्ग उत्तरेपासून 19 अंश पूर्वेकडे कललेला, त्यामुळे वाऱ्याचा फक्त 60चा हिस्सा पाठीशी येतो. उरलेला 175चा आडवा वारा विमानाला नाक पश्चिमेकडे वळवून तोलावा लागतो आणि 830तले सुमारे 19 तिथे खर्ची पडतात. जाताना जमिनीवरचा वेग 870च्या आसपास, येताना 750. प्रवाह निम्म्या वाटेवरच लागला तरी परतीला पाच-सहा मिनिटं जास्त.